निनावी डबा घ्यायचा का? प्रकल्प नोंदी, नागपूर, उन्हाळा २०२४

६ मे २०२४

दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाच मोठ्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या भाऊ, बर्डीवर आलात की ऑफिसात येऊन जा, एक खरेदी आहे आणि आम्हाला त्यातलं काही कळत नाही. संध्याकाळी गेलो. टेबलावर गुळगुळीत छापलेलं पत्रक, त्यावर पंजाएवढा काळा डबा, एक बटण, आणि खाली लिहिलेलं 'बटण दाबा, इंटरनेटवर अदृश्य व्हा'. एकाची किंमत ₹१४,५००, यांना चार हवेत, म्हणजे ₹५८,०००.

ही संस्था घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करते, सगळी वर्गणीवर चालते. ५८ हजार म्हणजे यांच्याकडे कितीतरी जणींचा गाडीभाडं आणि वकिलाचा खर्च. मी म्हटलं महिनाभर थांबा, तपासून सांगतो, पैसे घेणार नाही. ताई म्हणाल्या बायका जीव मुठीत धरून येतात भाऊ, नुसतं 'चांगलं आहे' म्हणून सांगू नका, पाहून सांगा. म्हणून ही वही. जे पाहिलं ते त्याच रात्री लिहायचं असं ठरवलंय.

७ मे

आज फक्त बोलणं, कॉम्प्युटरला हात लावला नाही. ताईंना एकच विचारलं, लपायचं कोणापासून? त्यांनी भरभर सांगितलं. नवऱ्यापासून, सासरच्यांपासून, एका केसमधला दीर केबल-इंटरनेटचा धंदा करतो त्याच्यापासून, आणि कधी कधी ऑनलाइन तक्रार करताना ती कुठून केली हे समोरच्याला कळू नये म्हणून. म्हणजे चार प्रकारची माणसं, आणि चौघांच्या हातात वेगवेगळ्या गोष्टी. नवऱ्याच्या हातात तिचा फोन, दिराच्या हातात लाइन, वेबसाइटच्या हातात आपल्या कनेक्शनचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. पत्रकात यातलं काहीच नाही, तिथे नुसतं 'अदृश्य'.

११ मे

विक्रेत्याने आठवड्यासाठी डेमो पीस दिला, माणूस बोलायला चांगला आहे, त्याला स्वतःला आत काय आहे ते माहीत नसावं असं वाटलं. रात्री उघडून पाहिला. आत बाजारात मिळतो तसा प्रवासात न्यायचा छोटा राऊटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटर चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) आणि वरून कंपनीचा रंग. फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तीन वर्षांपूर्वीचं, अपडेटचं बटण दाबलं तर चक्र फिरत राहतं, येत काही नाही. डबा करतो काय तर व्हीपीएन जोडतो, म्हणजे आपलं सगळं नेट एका बंद बोगद्यातून दुसऱ्या सर्व्हरकडे नेतो, आणि त्या व्हीपीएनचं दुसरं टोक विकणाऱ्याच्याच सर्व्हरवर.

म्हणजे आजवर आपण कोणत्या साइटवर गेलो ते इंटरनेटवाल्याला दिसत होतं, आता ते डबेवाल्याला दिसणार. त्यात डब्याचं जीएसटी बिल संस्थेच्या नावावर आणि बिलावर सिरियल नंबर. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) जे निर्देश काढले त्यात व्हीपीएन देणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेले आयपी हे सगळं पाच वर्षं ठेवायचं आहे, ग्राहक सोडून गेला तरी. त्यावरून बाहेरच्या काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले होते. मग या डब्यातून केलेली तक्रार 'निनावी' कशी? नाव तर बिलापासूनच लागलेलं आहे.

एक चाचणी घेतली आणि झोपच उडाली. वरच्या राऊटरवरून व्हीपीएनची वाट (पोर्ट) बंद केली, म्हणजे लाइन अधूनमधून तुटते तसं केलं. डब्यावरचा हिरवा दिवा तसाच राहिला आणि लॅपटॉप थेट आमच्या फायबरवरून बाहेर जाऊ लागला. टीसीपीडम्प (बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दाखवणारं साधन) लावून पाहिलं, २३ सेकंद. २३ सेकंदांनी दिवा पिवळा झाला. तेवढ्या वेळात एखादी बाई फॉर्म भरून 'सबमिट' दाबून मोकळी होते.

असं आधीही झालेलं आहे आणि जगजाहीर झालेलं आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची साइट) अ‍ॅनोनाबॉक्स नावाचा डबा आला होता, मागितले होते ७,५०० डॉलर आणि लोकांनी बघता बघता ५ लाख ८० हजारांच्या वर लावले. मग लोकांनी फोटो पाहून ओळखलं की हा स्वतः बनवलेला बोर्ड म्हणतात तो चीनमधून तयार मिळतो, आणि सगळ्या डब्यांना रूटचा, म्हणजे पूर्ण ताब्याचा, एकच पासवर्ड फर्मवेअरमध्ये लिहून ठेवलेला. किकस्टार्टरने मोहीम थांबवली. तरी तो नंतर दुसरीकडून विकला गेला आणि २०१५ मध्ये साडेतीनशेच्या आसपास डबे परत मागवावे लागले, वायफायला पासवर्डच नव्हता म्हणून. लोक फसले म्हणून त्यांना हसावं असं मला अजिबात वाटत नाही. एक बटण दाबून भीती जाईल असं कोणी म्हटलं तर घाबरलेला माणूस पैसे देतोच.

१२ मे

डेमो पीस परत केला. विक्रेत्याला २३ सेकंदांचं सांगितलं, कंपनीला कळवतो म्हणाला.

१६ मे

डब्याची कल्पनाच वाईट की हा डबा वाईट, हे वेगळं करायचं म्हणून स्वतः एक बनवून राहिलो. दुकानात रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') पडून होता. २०१३ मध्ये अ‍ॅडाफ्रूटवाल्यांनी 'अनियन पाय' म्हणून याच कामाचा धडा दिला होता, तीच कल्पना: पाय स्वतःचं वायफाय सोडतो, त्याला जो जोडेल त्याचं सगळं टॉरमधून जातं. टॉर म्हणजे आपला ट्रॅफिक तीन मशीनमधून जातो, पहिल्याला आपण कोण ते माहीत पण कुठे चाललो ते नाही, शेवटच्याला कुठे चाललो ते माहीत पण कोण ते नाही, मधल्याला दोन्ही नाही. इथे एका कंपनीवर भरवसा टाकावा लागत नाही, डेमो डब्यापेक्षा हे फार वरचं.

संध्याकाळपर्यंत चालू झालं. भाच्याला मोबाइल जोडायला सांगितला, त्याने यूट्यूब लावलं आणि म्हणाला मामा, मक्खन चालून राहिलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. टॉरवर व्हिडिओ एवढा मक्खन? टीसीपीडम्प लावला तर स्क्रीनवर यूडीपी ४४३ च्या ओळी धो धो (नेटवर डेटा न्यायच्या दोन पद्धती, टीसीपी आणि यूडीपी), आणि सगळ्या आमच्या खऱ्या आयपीवरून. कारण असं की टॉर टीसीपी वाहून नेतो, यूडीपी नेत नाही, आणि आजकाल क्रोम, यूट्यूब हे क्विक नावाच्या पद्धतीने यूडीपीवर बोलतात. मी टीसीपी टॉरच्या ९०४० या पोर्टकडे वळवला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी विचारणं) वळवला, पण आधीच्या हॉटस्पॉटच्या वेळचा मास्करेडचा (जोडलेल्याचं ट्रॅफिक सरळ बाहेर सोडायचा) नियम आयपीटेबल्समध्ये, म्हणजे पायच्या फायरवॉलमध्ये, तसाच राहिला होता, त्यातून उरलेलं सगळं गुपचूप बाहेर. आयपी दाखवणारी साइट उघडली तर ती 'जर्मनी' दाखवत होती, म्हणजे नुसतं तेवढं पाहून मी समाधानाने झोपलो असतो.

फॉरवर्ड (पायमधून थेट बाहेर सोडणं) पूर्ण बंद केला. जे टॉरमधून जात नाही ते कुठेच जाणार नाही. यूट्यूब रखडायला लागलं, भाचा कुरकुरला, मला बरं वाटलं.

१९ मे

दुपारी लाइट गेली, दीड तासाने आली, आणि पाय काही केल्या टॉरला जोडेना. दोन तास गेले यात. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, लाइट गेली की तो मागच्या वेळेवर अडकून उठतो आणि मग नेटवरून वेळ मागतो. मी कडक बंदोबस्ताच्या नादात ती वाटही बंद केली होती. टॉरला वेळ बरोबर लागते, त्याची नेटवर्कची यादी काही तासच चालते, घड्याळ मागे असलं की ती यादी त्याला पटतच नाही. बटणाच्या सेलवर चालणारं छोटं घड्याळ मॉड्युल लावलं, आता ठीक.

पण हे ऑफिसात झालं असतं तर? मी शिकलेला असून दोन तास लागले. तिथे कोणीतरी ताई वैतागून डब्याची वायर काढून सरळ मेन वायफायला लॅपटॉप जोडणार, आणि तिचं काही चुकणार नाही, समोर रडत बसलेली बाई आहे, तिला थांबवणार किती.

२३ मे

आजची नोंद मोठी आहे, कारण खरं उत्तर आज सापडलं.

डबा आता घट्ट आहे, एक पॅकेट इकडचं तिकडे जात नाही. माझ्या रोजच्या लॅपटॉपवरून, रोजच्या क्रोममधून, डब्याच्या वायफायवर टॉर प्रोजेक्टचं तपासणी पान उघडलं. हिरवं आलं, अभिनंदन, हा ब्राउझर टॉर वापरतोय. आणि त्याखाली एक ओळ, पण हा 'टॉर ब्राउझर' (टॉरवाल्यांचा स्वतःचा ब्राउझर) वाटत नाही. ती ओळ मी आधी वाचलीच नव्हती, हिरवं पाहून पुढे गेलो होतो. सगळं त्या ओळीत आहे.

कारण मग ब्राउझरची ठसेतपासणी करणाऱ्या (आपला ब्राउझर कशाकशावरून ओळखू येतो ते दाखवणाऱ्या) साइटवर गेलो. आयपी म्हणते युरोप. टाइमझोन म्हणतो एशिया कलकत्ता. भाषेच्या यादीत मराठी पहिली. यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे घड्याळ चालवणारे देश दोनच, आपण आणि श्रीलंका, आणि त्यात मराठी पहिली लावणारा कोण असणार? वर स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ग्राफिक्स कार्डाची चित्र काढायची ढब. ईएफएफने (डिजिटल हक्कांसाठी लढणारी अमेरिकन संस्था) २०१० मध्ये हे मोजून पाहिलं होतं, ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. डब्याला यातलं काहीच बदलता येत नाही, तो बिचारा वायरीवर बसलाय, एचटीटीपीएसच्या (ब्राउझर आणि साइटमधल्या कुलूपबंद बोलण्याच्या) आत काय चाललंय ते त्याला दिसतही नाही.

पुढे आणखी वाईट. क्रोममध्ये माझं जीमेल उघडं होतं. म्हणजे गुगलला मी युरोपातून सांगून राहिलो की मी तोच, नागपूरचा दुकानदार. फोन डब्याला जोडला की व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, बँकेचं अ‍ॅप सगळे आपापलं नाव सांगत बाहेर पडतात, आणि डब्यात हे सगळं एकाच वाटेने जातं, म्हणजे ज्या शेवटच्या मशीनमधून माझं जीमेल बाहेर पडलं त्याच मशीनमधून त्याच मिनिटाला माझी 'निनावी' तक्रारही. दोन्हीकडचा आयपी एक. जोडायला फार हुशारी लागत नाही.

मग डबा बंद केला, साध्या वायफायवर टॉर ब्राउझर उघडला, फुकट मिळतो तो. टाइमझोन यूटीसी. भाषा इंग्रजी. खिडकीच्या कडेला करड्या पट्ट्या, म्हणजे खरा आकार साइटला कळू नये म्हणून. प्रत्येक साइटला वेगळी वाट, बंद केला की कुकी-हिस्ट्री साफ. त्याची सगळी मेहनत एका गोष्टीवर, सगळे वापरणारे एकसारखे दिसावेत. डबा लावला की माझा आयपी दुसऱ्याचा झाला पण बाकी मी मीच, आणि एवढ्या विचित्र जोडीचा मीच एकटा.

दोन्ही एकत्र, म्हणजे डब्याच्या मागे टॉर ब्राउझर, असं भाच्याने सुचवलं. त्याने टॉरच्या आत टॉर होतं, टॉरवालेच तसं करू नका म्हणतात.

२९ मे

ऑफिसात बसलो, ताई, वकील ताई आणि दोन कार्यकर्त्या. नवतपा चालू, कूलरमधलं पाणी संपलेलं, कोणी उठलं नाही. पाय, केबल सगळं दाखवलं.

मग एका कार्यकर्तीने एक केस सांगितली, नाव-गाव लिहित नाही. इतवारीकडची बाई, कोणाला न सांगता इथे यायची, नवऱ्याला तारीख-वेळेसकट कळायचं. कसं? तिच्या फोनवर जे गुगल अकाउंट होतं ते लग्नानंतर नवऱ्यानेच उघडून दिलेलं, पासवर्ड त्याच्याकडे, नकाशाची टाइमलाइन (कधी कुठे गेली याची नोंद) चालू. तिने कधी इंटरनेटवर काही शोधलंही नव्हतं. तिच्याकडे चार डबे असते तरी काय झालं असतं?

आणि डबा घरी नेला तर? ताई पटकन म्हणाल्या, भाऊ घरात नवीन वायर दिसली तरी हे काहून आणलं म्हणून मार पडतो. हे मला सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस पॅकेट पाहत बसलो आणि वस्तू म्हणून तो डबा घरात दिसतो हे पाहिलं नाही. तो केबलच्या धंद्यातला दीर, त्याला टॉरमध्ये काय चाललंय ते कळणार नाही पण या घरातून टॉर चाललंय एवढं कळतं, ब्रिज (टॉर चालल्याचं लपवणारी आडवाट) लावला नाही तर. गल्लीत दुसरं कोणी वापरत नसेल तर तेवढं पुरतं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्डला एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली होती, टॉर कोणी फोडलं नाही, कॉलेजच्या वायफायवर त्या वेळी टॉर कोणी वापरलं ते पाहिलं आणि जाऊन विचारलं, त्याने कबूल केलं. त्याने केलं ते वाईटच होतं, पण शिकायचं ते हे, की थोड्या लोकांत लपता येत नाही.

३ जून

गेल्या आठवड्यात आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी, नातेवाइकांचे फोन. दुसरी काही केंद्रं ४४ च्या जवळपास होती. हवामान खात्याने तपासून सांगितलं, सेन्सर बिघडला होता. मला सारखा तो हिरवा दिवा आठवत राहिला. ५६ वर शंका घ्यायला शेजारी दुसरी केंद्रं होती, वर आपली कातडी होती. आयपी लपला की नाही हे कातडीला कळत नाही. डब्याच्या दिव्याशिवाय त्या बाईकडे दुसरं केंद्रच नाही, म्हणून खोटा हिरवा दिवा हा नुसता बिघाड नाही, तो तिला पुढे ढकलतो. डबा नसता तर ती जपून बोलली असती.

८ जून

डब्यावर अन्यायही नको, म्हणून आज उलटं लिहितो. डबा कुठे कामाचा? हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर, तिथल्या माणसाला आपण काय पाहतो ते दिसू नये म्हणून, हो, उपयोग आहे. आणि सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे व्हूनिक्स नावाच्या फुकट सिस्टिमची रचना, तिथे टॉरचं मशीन वेगळं आणि कामाचं मशीन वेगळं, कामाच्या मशीनला स्वतःचा खरा आयपी माहीतच नसतो, त्यात व्हायरस घुसला तरी तो सांगणार काय. तिथे 'डबा' आहे, पण दुसऱ्या बाजूला टॉर ब्राउझरच बसवलेला आहे, क्रोम नाही, आणि त्याला कळतं की बाहेर टॉर आधीच आहे, म्हणून टॉरच्या आत टॉर होत नाही. जाणकार पत्रकाराला मी हे सुचवीन. समुपदेशनाच्या टेबलावर नाही.

१४ जून

ताईंना लेखी दिलं, चार डबे घेऊ नका. वकील ताईंनी विचारलं, एखादा तरी? नाही म्हटलं.

त्याऐवजी: ऑफिसातल्या दोन जुन्या लॅपटॉपवर टॉर ब्राउझर, पूर्ण फुकट. एक पेनड्राइव्ह टेल्सचा (पेनड्राइव्हवरून चालणारी, टॉर असलेली सिस्टिम), ज्या कामाचा मशीनवर माग राहू नये त्यासाठी, खर्च ₹४५०. एक साधा फोन ऑफिसच्या कपाटात, येणाऱ्या बाईने स्वतःचा घरी किंवा शेजारणीकडे ठेवून यायचा आणि इथून बोलायचं. आणि सगळ्यात वेळखाऊ, प्रत्येकीचा फोन तिच्या समोर बसून तपासायचा: कोणाचं अकाउंट, पासवर्ड कोणाकडे, लोकेशन कोणाला दिसतं, फोटो कुठे जाऊन साठतात, व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठल्या लॅपटॉपवर उघडं आहे. यात एक गोष्ट कार्यकर्त्यांनीच मला शिकवली, लगेच काही बंद करायचं नाही. लोकेशन अचानक दिसेनासं झालं तर नवऱ्याला कळतं आणि त्या रात्री काय होईल सांगता येत नाही. आधी तिला विचारायचं, ती निघायच्या तयारीत असेल तेव्हा बदलायचं.

उरलेले पैसे गाडीभाड्याच्या खात्यात गेले. माझा पाय दुकानात परत, त्याच्यावर भाचा काहीतरी करून राहिला.

२२ जून

पहिलं शिकवणं. पाऊस पडून गेला होता, सहा जणी आल्या, त्यातल्या एक पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा दोरीला बांधलेला. टॉर ब्राउझर उघडून दिला. साइट हळू उघडते म्हणून दोघी कंटाळल्या, एकीने थेट जीमेल उघडलं तर गुगलने लगेच ओटीपी मागितला, तिथेच थांबवून सांगितलं की यात आपल्या नावाचं काहीच उघडायचं नाही, नावाचं काम साध्या ब्राउझरमध्ये, बिननावाचं इथे, दोन्ही मिसळायचं नाही. हे त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर कळलं. एक म्हणाली, माहेरचे आणि सासरचे भांडे वेगळे ठेवतो तसं.

मग त्या चष्मेवाल्या काकूंनी महिला कायद्याची पीडीएफ उतरवली, वाचली, ब्राउझर बंद केला. मी म्हटलं झालं, आता काही राहिलं नाही. त्या स्क्रीनकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण भाऊ, ते कागद मी खाली उतरवला ना, तो कुठं गेला मंग?"

डाउनलोडचं फोल्डर उघडलं. फाइल तिथेच होती, नावासकट. ब्राउझर आपली हिस्ट्री पुसतो, उतरवलेली फाइल पुसत नाही. मी शिकवायच्या यादीत हे लिहिलंच नव्हतं. आता पहिल्या नंबरावर लिहिलं, आणि काकूंना पुढच्या शनिवारी बाकीच्यांना हे दाखवायला या म्हटलं. येते म्हणाल्या, दुपारी तीनची वेळ बरी, तेव्हा घरी कोणी नसतं.